घड्याळ टोले देईना, पिल्लाचं पोट भरेना

ऐका हं! ही गोष्ट आहे एका रिकाम्या पोटाची.

टोलेवाडीत एक कोंबडीचं पिल्लू होतं. पिवळंधमक, मुठीएवढं. चालायचं तुरुतुरु. बोलायचं चिकचिक.

रोज सकाळी भामाकाकू त्याला कण्या टाकायची. आज कण्या नाहीत! अंगणात पाहिलं, नाहीत. ओट्याखाली पाहिलं, नाहीत. पोट म्हणालं, गुर्रऽऽ!

भामाकाकू ओट्यावरच बसली होती. मांडीवर सूप. सुपात कण्या.

“काकू काकू, कण्या टाक ना!”

“आत्ता कशा टाकू लेकरा? सकाळ कुठं झालीय?”

“ऊन आलं की!”

“उन्हाला काय कळतंय? भोंगा वाजला की सकाळ. भोंगा वाजला की टाकीन हो.”

पिल्लू निघालं तुरुतुरु तुरुतुरु. भोंगा बसला होता शाळेच्या कौलांवर. तोंड हे एवढं मोठ्ठं! पण बंद.

“भोंग्या भोंग्या, वाज ना!
काकू कण्या टाकीना,
माझं पोट भरेना!”

भोंगा म्हणाला, “मनानं कसा वाजू? घड्याळानं टोले दिले की वाजेन.”

पिल्लू निघालं तुरुतुरु तुरुतुरु. चौकात उंच मनोरा. मनोऱ्यावर घड्याळ. टिकटिक नाही, टकटक नाही. दोन्ही काटे गप्प.

“घड्याळा घड्याळा, टोले दे ना!
भोंगा भोंभों करीना,
काकू कण्या टाकीना,
माझं पोट भरेना!”

घड्याळ म्हणालं, “सगळं गाव माझ्यावर चालतं. पण मला चालवते किल्ली! नानांनी किल्ली फिरवली की देईन.”

पिल्लू निघालं तुरुतुरु तुरुतुरु. किल्लीवाले नाना खाटेवर पडले होते. गोधडी गळ्यापर्यंत. डोळे मात्र टक्क उघडे!

“नाना नाना, किल्ली फिरवा ना!
घड्याळ टोले देईना,
भोंगा भोंभों करीना,
काकू कण्या टाकीना,
माझं पोट भरेना!”

“अरे, मी तर झोपलोय,” नाना म्हणाले.

“तुम्ही बोलताय की!”

“बोललो म्हणून काय झालं? मोबाइल वाजला की जाग येते. मोबाइल वाजला की उठेन.”

मोबाइल उशाशीच होता. काळाठिक्कर, गार.

“मोबाइल मोबाइल, वाज ना!
नाना किल्ली फिरवीना,
घड्याळ टोले देईना,
भोंगा भोंभों करीना,
काकू कण्या टाकीना,
माझं पोट भरेना!”

मोबाइल अगदी हळू म्हणाला, “माझं तरी कुठं भरलंय? वीज आली की खाईन. खाल्लं की वाजेन.”

पिल्लू निघालं तुरुतुरु तुरुतुरु. ऊन आता डोक्यावर आलं. पाय भाजले, चट चट! विजेच्या खांबाखाली केरबामामा बसला होता. वीज तोच दुरुस्त करायचा. हातात पाना, खांद्यावर दोर. सगळी तयारी! पण मामा जागचा हलेना.

“मामा मामा, वीज आण ना!
मोबाइल काही वाजेना,
नाना किल्ली फिरवीना,
घड्याळ टोले देईना,
भोंगा भोंभों करीना,
काकू कण्या टाकीना,
माझं पोट भरेना!”

“आत्ता चढतो बघ!” केरबामामा म्हणाला. “भोंगा वाजला की लगेच चढतो!”

भोंगा? पुन्हा भोंगा? पिल्लू मटकन खाली बसलं. आता कुणाकडे जायचं? सगळं गाव तयार. सगळं गाव थांबलेलं. आणि बिचाऱ्याच्या पोटात कावळे ओरडत होते.

पिल्लू रडत रडत घरी आलं. अंगणाच्या कोपऱ्यात एक डालं होतं. डालं म्हणजे मोठी उपडी टोपली. डाल्याखाली कोण? पिल्लाचे बाबा! लाल तुऱ्याचा कोंबडा!

पूर्वी बाबा आरवले की सकाळ व्हायची. मग गावात घड्याळ आलं. एकदा बाबा घड्याळाच्या आधीच आरवले. गाव म्हणालं, “कोंबडा पुढे चालतोय! कोंबडा बिघडला!” आणि बाबांना डाल्याखाली झाकून टाकलं.

पिल्लानं फटीतून चोच घातली.

“बाबा बाबा, आरवा ना!
मामा खांबावर चढेना,
मोबाइल काही वाजेना,
नाना किल्ली फिरवीना,
घड्याळ टोले देईना,
भोंगा भोंभों करीना,
काकू कण्या टाकीना,
माझं पोट भरेना!”

आता बाबा काय म्हणाले? अमुक झालं की आरवीन? तमुक आलं की आरवीन?

छे! बाबा म्हणाले, “माझ्या बाळाला भूक लागली?”

बाबांनी पंख झाडले, फडफडफड! डाल्याला धडक दिली, धडाम! डालं उडालं, आणि बाबा ओट्यावर चढून आरवले,

“कुकूऽऽच कू!”

केरबामामा दचकला. भोंगा कुठला, बिंगा कुठला! त्याचे पाय आपोआप खांबावर चढले. जुनीच सवय ती!

मामा खांबावर चढला, खटॅक!
मोबाइल जेवून वाजला, टिंगटिंग!
नानांनी किल्ली फिरवली, कर्र कर्र!
घड्याळानं टोले दिले, ठण ठण!
भोंगा भोंभों ओरडला, भोंऽऽऽ!
काकूनं कण्या टाकल्या, सर्रऽऽ!
आणि पिल्लानं खाल्ल्या, टिप टिप टिप टिप!

गाव उठलं. भर दुपारी दात घासले. भर दुपारी म्हणालं, “शुभ सकाळ!” सरपंचांनी घड्याळाला हार घातला. म्हणाले, “हे आहे म्हणून सकाळ होते हो!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

भामाकाकूनं टाळ्या नाही वाजवल्या. आधी कोण ओरडलं, ते तिनं ऐकलं होतं ना! तिला फार वाईट वाटलं. तिनं बाबांपुढे कण्यांची मोठी मूठ टाकली. मग डालं उचललं.

पिल्लू घाबरलं. बाबांना पुन्हा झाकणार?

काकूनं डालं मोडलं, कडाड! चुलीत घातलं आणि त्यावर चहा ठेवला.

घड्याळात तेव्हा किती वाजले होते?

काकूनं पाहिलंच नाही. तिला चहा हवा होता, म्हणून तिनं चहा केला.

पिल्लाचं पोट भरलं टम्म. आता सांगा, तुमच्या पोटात काय ओरडतंय?