तडतडलेली वात

पूर्वी गोदेकाठच्या अश्मक देशात एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या राजधानीत एका गंधिकाच्या घरी जन्माला आले. गंधिक म्हणजे सुवासिक तेलं, उटणी आणि लेप करून विकणारा. मोठेपणी लोक त्यांना सोमिल गंधिक म्हणू लागले. हात निर्मळ, जीभ गोड, आणि माल असा की कुपीचं तोंड उघडलं की शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईक इकडे वळायचं. खाऊन-पिऊन सुखी होते. गप्प बसले असते तर तसेच सुखात मेले असते.

पण नगरातल्या गंधिकांची एक श्रेणी, म्हणजे धंदेवाल्यांचा संघ, होती आणि घोषिल तिचा प्रमुख होता. हा घोषिल गेल्या वर्षीचं खवट तेल चंदनाचा वास मारून या वर्षी खपवायचा. तेच तेल बाळंतिणी अंगाला लावायच्या, तेच लेकरांच्या टाळूवर जिरवायच्या. सोमिलांना हे बघवेना. एके दिवशी त्यांनी घोषिलला तोंडावरच विचारलं, "हे तेल तू तुझ्या नातवाला लावशील का?"

"माझा नातू गिऱ्हाईक आहे का?" घोषिल म्हणाला आणि हसत निघून गेला.

त्या दिवसापासून सोमिलांनी आपलं अंगण उघडं केलं. दर पौर्णिमेला दुपारी बायका जमायच्या, आणि हा माणूस बाजारात विकायची विद्या त्यांना फुकट शिकवायचा. तिळाचं ताजं तेल घ्या. कडुनिंब, माका, वाळा, हळद, जे अंगाला मानवेल ते घाला. पण पान घालण्याआधी सावलीत वाळवा, मुठीत चुरलं की कुरकुर वाजलं पाहिजे. ओलं पान तेलात गेलं की तेल आतून नासतं, वरून कळतही नाही. मंद आचेवर ठेवा, घाई करू नका, गाळून घ्या. मग कापसाची वात त्यात भिजवून पेटवा. मुकाट जळली तर तेल चांगलं. तडतडली तर आत पाणी आहे, ते तेल अंगाला लावायचं नाही. आणि वात मुकाट जळली तरी आधी आपल्या कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबायचं.

हे सगळं ते बायकांकडून घोकून घ्यायचे. "आधी काय?" म्हणून ओरडायचे, आणि चाळीस बाया एका सुरात "आधी आपलं कोपर!" म्हणायच्या. हसायच्याही. एखादी म्हातारी म्हणायची, "अहो, माझ्या कोपराला आता काय कळतंय, कातडं झालंय त्याचं." मग सोमिल म्हणायचे, "तर मग सुनेचं कोपर घ्या, आजी, तेवढंच तिच्याकडे बघणं होईल." अंगण हसून दणाणायचं.

घोषिलचा धंदा बसला. तो एकदा स्वतः चालत आला. म्हणाला, "राजवाड्यात लागेल तेवढं तेल यापुढे तू द्यायचंस, मी मध्ये येत नाही. फक्त हे अंगण बंद कर." सोमिल म्हणाले, "राजवाड्याला तेलाची ददात नाही, घोषिल. या बायांना आहे." यावर घोषिलने वाद घातला नाही. न भांडता गेलेल्या माणसाची भीती बाळगावी, एवढंही या भल्या माणसाला कळलं नाही.

त्या चाळीस जणींत पाटला नावाची एक तरुण सून होती. आई-बाप लहानपणीच गेलेले, माहेर म्हणून दाखवायला दार नाही. नवरा व्यापाराला दूरदेशी गेलेला. घरात सासू भद्रिका, आणि भद्रिकेसमोर भिंतीसुद्धा अंग चोरून उभ्या राहायच्या. पाटलेला मुलगा झाला. त्या कुळाची रीत अशी की सव्वा महिन्याने बाळाला आईने आपल्या हाताने केलेल्या तेलाने माखायचं, न्हाऊ घालायचं आणि भावकीला दाखवायचं. रीतीची दुसरी बाजू अशी की न धुतलेलं पान त्या घरात चुलीवर चढत नसे.

पाटलेने कडुनिंबाची पानं आणली, आठ दिवस पावसाची झड लागलेली होती, तरी आढ्याखाली पसरून वाळवली. ती हाताने चुरून बघत होती तेवढ्यात भद्रिका आली.

"ही धुतलीस का?"

"आत्याबाई, आता वाळलीत. धुतली तर पुन्हा ओली होतील."

"माझ्या चुलीवर धुळीची पानं? अगं, तुला शिकवणारा तो गंधिक माझ्या घरचं देवघर सांभाळणार आहे का?" असं म्हणून भद्रिकेने स्वतःच कळशी उचलली आणि सगळी पानं भिजवून टाकली.

पाटलेने ती तशीच तेलात घातली. चूलही फार वेळ मिळाली नाही, स्वयंपाकाचं भांडं चढायचं होतं. तेल गाळून तिने वात पेटवली. वात तडतडली. पाटलेने ती स्वतःच्या कानांनी ऐकली. उद्या पुन्हा कढवू, असं तिने मनाशी म्हटलं आणि तेलाच्या मातीच्या बुधल्याला बूच लावलं. उद्या पाहुणे आले, परवा दळण होतं, तेरवा बाळाचं पोट दुखत होतं. आठव्या दिवशी सव्वा महिना भरला. बूच काढलं तर आंबूस वास, वर पांढरी साय. बाहेरून भद्रिका ओरडत होती, "किती वेळ गं? भावकी ओसरीवर येऊन बसलीय." पाटलेने साय काढली, वाळ्याचं अत्तर ओतलं, आणि बाळाला नखशिखांत माखलं. आपलं कोपर तिला आठवलं. त्याला एक दिवस लागतो, आणि एक दिवस तिच्याजवळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाळाच्या मानेत आणि जांघेत लाल पुरळ उठलं, तिसऱ्या दिवशी फोड आले, अंग तापलं, बाळ दूध ओढेना. तेव्हा सोमिलांना बोलावलं. त्यांनी बुधला हुंगला, एक वात वळून त्यात बुडवली आणि पेटवली. खोलीत ते दोघंच होते. वात तडतडली तशी पाटलेने मान खाली घातली.

सोमिलांनी आधी बुधला बाजूला सारला. कोमट पाण्याने बाळाचं अंग हलक्या हाताने पुसून घेतलं, मऊ जुनं धोतर फाडून अंथरलं, आणि म्हणाले, "आता कसलंही तेल नको, लेप नको. दूध पाजत राहा." तीन दिवस ते त्या ओसरीवर येऊन बसत होते. चौथ्या दिवशी ताप उतरला. बाळ वाचलं. मानेवरचे डाग मात्र राहिले.

भद्रिका तोवर घोषिलकडे जाऊन आली होती. येताना सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तिने सांगितलं, "तेल गंधिकाने बिघडवलं असेल तर घोषिल बघून घेईल. आणि हिच्या हातून बिघडलं असेल, तर नेसत्या वस्त्रानिशी ही आज घराबाहेर. मूल आमचं आहे, ते इथंच राहील." पानांवर पाणी कुणी ओतलं होतं हे तिला आठवलं नाही. अशा बायांना असलं काही आठवत नसतं.

घोषिलने फिर्याद केली, आणि राजाच्या अमात्यापुढे निवाडा बसला. घोषिल हात जोडून उभा, चेहरा असा की जणू त्याच्याच लेकराला फोड आलेत. पाटला बाळाला पदराखाली घेऊन उभी होती. मागे, चौकाच्या कडेने, त्या चाळीस बाया.

अमात्याने विचारलं, "बाई, ओली पानं तेलात घालायला तुला या सोमिलने सांगितलं?"

पाटलेने पदराखालच्या बाळाकडे पाहिलं, मग भद्रिकेकडे. सोमिलांकडे तिने पाहिलं नाही.

"हो," ती म्हणाली.

आता सांगा, चाळीस जणींनी एका सुरात घोकलेली गोष्ट. पान वाळवा, वात पेटवा, आधी आपलं कोपर. एकीने जरी तोंड उघडलं असतं तरी निवाडा तिथेच फिरला असता. पण प्रत्येकीच्या घरी एक बुधला होता, आणि आपल्या बुधल्यातली वात आपण दर वेळी पेटवली होती का, हे प्रत्येकीला ठाऊक होतं. तपासणी आपल्या घरापर्यंत आली तर? एकीला अचानक पोराचं नाक पुसायचं आठवलं. एक आभाळाकडे बघू लागली. दुसऱ्यांच्या लेकरांसाठी आपलं दुकान मोडलेला माणूस समोर उभा होता, आणि चाळीस तोंडांना कुलपं लागली होती. सांगताना अजून माझं डोकं तापतं.

"सोमिल, तुला काय म्हणायचं आहे?" अमात्याने विचारलं.

सोमिलांना खोटं बोलता येत नव्हतं. खरं बोललं तर सव्वा महिन्याचं पोर आईच्या अंगावरून ओढून घेतलं जाणार होतं, तेही त्यांना दिसत होतं. ते म्हणाले, "या नगरातल्या बायांना तेल करायला मी शिकवलं. दंड मला द्या."

"हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. ओली पानं तू सांगितलीस का?"

सोमिल नुसते उभे राहिले. पुढे एक शब्द बोलले नाहीत.

अमात्याने ते कबुलीसारखं धरलं. सोमिलांना देशाबाहेर काढायचं, घरात तेल करायला बंदी, आणि घरोघरचे बुधले त्याच दिवशी फोडायचे, असा निवाडा झाला. बुधले फोडायला शिपाई लागले नाहीत. बायांनीच आणून आणून वेशीजवळ फोडले, आणि जिने जास्त आपटले ती जास्त मोठ्याने बोलत होती. चांगलं तेल, वाईट तेल, सगळं एका गटारातून वाहून गेलं.

सोमिल वेशीबाहेर पडले तेव्हा पाटला मागून धावत आली. कडेवर बाळ होतं. तिला हुंदका आवरेना.

"काका, मी खोटं बोलले. मला हे पोर..."

"रडू नकोस, तुझं दूध आटेल," सोमिल म्हणाले. "मला दुःख झालं नाही असं नाही, पाटला. फार झालं. पण ओल्या पानाने काय होतं, ते आता तू एकटीनेच डोळ्यांनी पाहिलंयस. पान आधी वाळवायचं. वात तडतडली तर थांबायचं. हे एवढं तरी कुणाला सांगशील?"

पाटलेने मान हलवली. सोमिल नदीच्या वाटेने चालू लागले. परक्या देशात त्यांना कुणी तेलाला हात लावू दिला नाही, त्यांची बदनामी त्यांच्या आधी तिथे पोचली होती. मोलमजुरी करून ते तिथेच वारले. मरताना दोन्ही टाचा भेगाळून रक्ताळल्या होत्या, आणि चोळायला तेल नव्हतं.

पाटलेने ते कुणालाही सांगितलं नाही. सांगायचं तर तुला कसं कळलं, असं कुणी विचारलं असतं, आणि चौकातलं खोटं उघडं पडलं असतं. घोषिलचं खवट तेल चंदनाच्या वासासकट घरोघर परत आलं. नवरा परत आल्यावर पाटलेला दुसरं लेकरू झालं, त्यालाही तेच लावलं गेलं.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा भिक्षुणींच्या विहारात सांगितली, त्याचं कारण असं. आजारी थेरींच्या, म्हणजे वडीलधाऱ्या भिक्षुणींच्या, पायांना लावायचं तेल नासलं होतं, आणि एका थेरीच्या पायावर फोड आले होते. दोष केवलिका नावाच्या नव्या भिक्षुणीवर आला. ती "मी नाही" एवढंच म्हणाली, आणि कुणी ऐकलं नाही म्हणून पहाटे पात्र उचलून निघून गेली. तेल कुणी केलं, पानं ओली होती की वाळलेली, हे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणींनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या जन्मीची भद्रिका म्हणजे आजची कोठारावरची ज्येष्ठ भिक्षुणी, जिने तेल लवकर हवं म्हणून घाई केली. पाटला म्हणजे जिने ते तेल केलं ती जयिला. बाळ म्हणजे केवलिका. आणि सोमिल गंधिक मीच होतो."

जयिला उभी राहिली. "भन्ते, तेल मी केलं. वात तडतडली होती."

"हे काल सांगितलं असतंस तर ती इथे असती," शास्ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, पण जयिलेला बसवेना.

मागून एका भिक्षुणीने हळूच विचारलं, "भन्ते, आणि त्या चाळीस बाया कोण?"

अशा वेळी शास्ते नेहमी म्हणत, बाकीचे लोक म्हणजे माझा आजचा शिष्यसंघ, आणि ते ऐकून सगळ्यांना बरं वाटे. आजही ते तेच म्हणाले. "बाकीच्या बाया म्हणजे माझा आजचा संघ." कुणालाच मान वर करता आली नाही.

मग ते म्हणाले, "त्या जन्मी मी करुणा पाळली आणि एका पोराला आई राहिली. पण सत्य त्या चौकात कुणीच बोललं नाही, मीसुद्धा नाही, आणि ते नगर खवट तेलात राहिलं. ज्या पारमितेसाठी, म्हणजे बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला न्यायच्या गुणासाठी, ही कथा सांगितली, ती सत्याची. जयिले, केवलिका नदीच्या वाटेने गेली आहे. ऊठ, आणि तिला गाठेपर्यंत थांबू नकोस."