जिलबीची परात आणि शाहिराची मान

जहागीरदार रंगरावांचा आग्रह पंचक्रोशीत गाजलेला. वाढणं नव्हे, नुसता आग्रह. मुलाच्या लग्नात ते स्वतः जिलबीची परात घेऊन पंगतीत फिरले. "घ्या हो, लाजता काय!" असं प्रत्येकाला म्हणायचे आणि परात पोटाशी धरून पुढे सटकायचे.

जेवणं उरकल्यावर पाहुण्या सुभेदारांसमोर त्यांना ऐट आली. "शाहीर सटवाजी, सांगा, पंगत कशी झाली?"

"सरकार म्हणजे दानशूर कर्ण!" सटवाजी गरजले. मान मात्र नाही-नाही अशी हलवत राहिले. सुभेदारांना हसू फुटलं.

रंगराव कडाडले, "तोंडानं स्तुती अन् मानेनं नकार? खरं काय ते बोल, नाहीतर चाबूक खाशील!"

"सरकार, मघाशी तुमचं तोंड वाढत होतं अन् हात परात पळवत होते. आम्ही मुकाट्यानं हातांचं ऐकलं. आता तुम्ही मानेचं ऐका."