अंगठ्यानं गाळलेलं मनोगत

वाचनालयाच्या दाराशी पूर्वी फळा असे. सायकलवाले एक पाय टेकवून नव्या पुस्तकांची नावं वाचत आणि आत वळत. आता वेबसाइट होती, पण उघडताच अध्यक्ष आबासाहेबांचं लांबलचक मनोगत येई. पुस्तकं पार तळाशी, त्यामुळे वाचक फिरकेनात. आपलंच चुकत असेल, असं वाटत असूनही वेबसाइट सांभाळणाऱ्या निवृत्त प्राध्यापक केळुसकरांनी सभेत विचारलं, "मनोगत थोडं लहान करू का?"

"एक शब्दही गाळायचा नाही, सर," आबासाहेब म्हणाले.

"मग एकदा आपल्याच आवाजात ऐकू द्या."

आबासाहेब खुशीत मोबाइलवरून वाचू लागले. दुसऱ्या परिच्छेदानंतर त्यांचा अंगठा सरसर फिरला आणि थेट समारोप आला.

केळुसकर हळूच म्हणाले, "आपल्या अंगठ्यानं गाळलं, तेवढंच मी गाळतो."

आबासाहेबांनाही हसू आवरेना. त्याच संध्याकाळी पुस्तकं वर आली.