हजारात एक भाग

“सगळं एकत्र दळलंस?” माईंनी विचारलं.

“हो माई. कॉम्प्युटरचा अख्खा पडदा. काच, प्लास्टिक, तारा, सगळ्याची पूड केली आणि मगच तपासली.” विश्राम खटावकर अगदी खुशीत होता.

तानूमाई टेकडीवरच्या मठात चाळीस वर्षं आहेत. विश्राम त्यांचा जुना शिष्य, आता शहरातल्या प्रयोगशाळेचा प्रमुख. कॉम्प्युटरच्या पडद्यांत शिसं, पारा असलं विष किती आहे ते बघायचं आणि दाखला द्यायचा, हे त्याचं काम. वीस हजार पडद्यांचा दाखला घेऊन तो आला होता. सही तेवढी राहिलेली. ती म्हणे माईंच्या पायाशी बसून करायची! मी, माईंचा पहिल्यापासूनचा सेवेकरी, शेजारी मिरच्यांचे देठ खुडत होतो. मला त्याचं हसणं मुळीच आवडलं नाही.

मठात वर्षाच्या तिखटाचं कांडप चाललं होतं. आमचा रिवाज असा, की येईल त्याने आधी उखळात चार घाव घालायचे. साहेबांनी नाकाला रुमाल लावून चारच घातले.

“शिसं किती निघालं?” माईंनी विचारलं.

“हजारात एक भागाच्या आत. मर्यादा तेवढीच आहे. पास!”

“ते पडद्यात असतं कुठे?”

“सोल्डरमध्ये. तारा जोडायला वितळवून लावतात ते.”

“नुसत्या सोल्डरमध्ये किती?”

विश्रामने उखळाकडे बघितलं.

“शंभरात... चाळीस.”

“आणि नियम काय सांगतो? एकत्र दळा?”

“नियम म्हणतो, प्रत्येक जिन्नस वेगळा काढून तपासा. पण माई, एवढा वेळ कुणाला आहे? कंपनी रोज फोन करते. आणि एकूण वजनाने बघितलं तर माझं गणित चुकलेलं नाही.”

चुकलेलं नाही म्हणे! माझं डोकंच फिरलं. पण मठात माई बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नसतं.

तेवढ्यात शेवंता जेवायला आली. मठामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती जुने पडदे फोडते. शेगडीवर सर्किटच्या पाट्या तापवायच्या, सोल्डर वितळलं की चिमट्याने सुटे भाग उपटायचे. शिशाचा धूर सगळा नाकातोंडात. तेरा वर्षं झाली. आता तिच्या पोटात कळा येतात आणि उजवं मनगट वर उचलत नाही.

माईंनी तिच्या हातात भाकरी दिली. ती पडली. शेवंताने उचलली. पुन्हा पडली.

माईंनी भाकरी उचलली, घास मोडला आणि तिच्या तोंडात दिला.

“विश्राम, हिच्या शेगडीवर सोल्डर दळून येतं का रे?”

“माई, मी सही नाही केली तर मला काढून टाकतील. आणि माझ्या जागी दुसरा कुणीतरी करेलच.”

माई उठल्या.

“तुझं वजन किती?”

“सत्तर किलो.”

“त्यात हजारात एक भाग म्हणजे?”

“सत्तर ग्रॅम... का?”

माईंनी तागडी ओढली. एका पारड्यात पन्नासचं आणि वीसचं वजन टाकलं, दुसऱ्यात नुकतं कांडलेलं तिखट. काटा मध्ये येईपर्यंत थांबल्या. मग ते तिखट मुठीत घेऊन विश्रामसमोर येऊन बसल्या, डाव्या हाताने त्याची हनुवटी धरली आणि उजवी मूठ त्याच्या डोळ्यांपाशी नेऊन उघडली.

“मर्यादेत आहे. कणभरही जास्त नाही. डोळे उघडे ठेव.”

“माई, नको!”

त्याने डोळे गच्च मिटले. मागे सरकत सरकत तो भिंतीला टेकला. माईही सरकल्या.

“अरे, घाबरतोस काय? एकूण वजनाने बघ की!” चाळीस वर्षांत माईंचा आवाज एवढा चढलेला मी ऐकला नव्हता.

कांडपवाल्या बायांचे हात थांबले. विश्रामच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेवंता एवढी खोकली की तोंडातला घास बाहेर आला.

माईंनी डाव्या हाताने दाखला विश्रामच्या मांडीवर ठेवला. त्याच्याच खिशातलं पेन काढून त्याच्या बोटांत दिलं. उजवा हात होता तिथेच होता.

“तसाच राहा, डोळे मिटून,” माई म्हणाल्या. “आणि कर सही.”