स्वच्छ पट्टी

"आणि चांदणी?" अक्कांनी विचारलं.

"आपण आत्ता ज्या खिडकीत आहोत ती," शार्दूल म्हणाला. "हे काय विचारणं झालं?"

डोंगरावरच्या त्या मठात एक संगणक होता. खालच्या वाड्यांना पाणी चढवणारे पंप त्यावरून चालत. पडद्यावर प्रत्येक वाडीची वेगळी खिडकी. एका वेळी एकच दिसायची, बाकीच्या मागे चालू राहायच्या. त्यांची खबर तळाच्या हिरव्या पट्टीवर, वाडीच्या नावापुढे, एकेका चिन्हात उमटायची.

ही पट्टी आजवर अक्काच वाचत आल्या होत्या. आता मोतीबिंदूमुळे त्यांना बारीक अक्षर दिसेना. पंपांचा ताबा कुणाकडे द्यायचा, ते आज ठरणार होतं.

शार्दूलच्या लेखी ते ठरल्यातच जमा होतं. कॉलेजात पहिला आलेला मुलगा. मठात त्याच्याइतकं कुणाला येत होतं? खरं सांगायचं तर कुणालाच नाही, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

"आडवी रेघ?"

"याच्या आधी ज्या खिडकीत होतो ती."

"नागमोडी?"

"तिथे बराच वेळ काही हललेलं नाही."

"उद्गारचिन्ह?"

"घंटा वाजली. टाकी कोरडी पडली आणि पंप सुरू झाला नाही, की वाजते."

"संगणकाच्या पुस्तकात असंच दिलंय?"

"पुस्तकात याहून कमी आहे, अक्का."

अक्का हसल्या.

"बरं, आत्ताची पट्टी वाच."

शार्दूल जरासा वाकला. "मोरखडी, चांदणी. उंबरपट्टा, रेघ. खैरमाळ, नागमोडी. तळेखोल… उद्गारचिन्ह."

"मग?"

त्याची बोटं झरझर चालली. खैरमाळची खिडकी आली, गेली. तळेखोलची आली, गेली. पुन्हा मोरखडीवर येऊन तो खुर्चीत ऐसपैस रेलला. पट्टीवर आता नागमोडी नव्हती, उद्गारचिन्हही नव्हतं.

"झाली स्वच्छ," तो म्हणाला. "तुम्हाला याला अर्धी सकाळ लागायची."

"एवढ्यात कशी झाली?"

"खिडकी उघडून पाहिली की चिन्ह आपोआप जातं. नियमच आहे तसा."

"तळेखोलला पाणी चढलं?"

"चिन्ह तर गेलं."

अक्कांनी मान हलवली. समोरचा कापूस ओढून त्या वाती वळायला बसल्या.

शार्दूल थोडा वेळ थांबला. त्याला थांबायची सवय नव्हती.

"अक्का, मग ताबा माझ्याकडे ना?"

अक्कांनी मान वर केली. त्याच्याकडे नीट पाहिलं… आणि पुन्हा वात वळू लागल्या.

त्याला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

"अक्का, मी काहीतरी विचारलं."

अक्कांनी पुन्हा मान वर केली. पुन्हा पाहिलं. मान खाली घातली.

आता मात्र तो चिडला. त्याचे कान लाल झाले.

"अहो अक्का, मी मघापासून हाक मारतोय. उत्तर द्या की."

अक्कांनी हातातली वात ताटलीत ठेवली.

"दोनदा पाहिलं की रे तुझ्याकडे. अजून तुझी हाक शिल्लक आहे?"