सटवाजी सुताराचा अडसर

घाटातून गाडीरस्ता व्हायच्या कितीतरी पिढ्या आधीची ही गोष्ट. तेव्हा चिंचघोळ गावात सटवाजी नावाचा सुतार राहत होता. तो नांगर करायचा, पाळणे करायचा, पण त्याचं नाव झालं ते अडसरांमुळे. अडसर म्हणजे दार आतून बंद करायचं आडवं लाकूड. भिंतीतल्या खोबणीतून ओढायचं आणि दारामागे सरकवायचं. सटवाजी ते खैराच्या लाकडाचं करायचा. बाहेरून दहा गड्यांनी खांदा लावला तरी हलायचं नाही, आणि आतून म्हातारीने बोट लावलं की सरकायचं, असं म्हणतात.

गावाच्या वर खिंड होती आणि खिंडीत दरोडेखोर असायचे. सटवाजीचा थोरला भाऊ बाजाराला गेला तो त्याच खिंडीत मारला गेला. चार माणसांनी त्याला घोंगडीत घालून आणला. म्हणून रंगराव ठाणेदार वीस शिपाई घेऊन गावात आला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद सटवाजीला झाला. ठाण्याची दारं-खिडक्या त्याने फुकट करून दिल्या.

ठाणेदाराने आधी वेशीवर चौकी बसवली. येणारा-जाणारा आपलं नाव सांगू लागला. मग कुठे चाललास, कशाला चाललास, तेही सांगू लागला. मग कुऱ्हाडी आणि कोयते ठाण्यात जमा झाले. लाकूड तोडायचं असेल तर मागून न्यायचे. लोक कुरकुरले, पण खिंडीतली प्रेतं सगळ्यांनी पाहिली होती. आणि मग एका सकाळी दवंडी पिटली गेली. दरोडेखोर गावातच कुणाच्या तरी घरी लपतात अशी दरबारला खबर आहे. शिपायाला कुठल्याही घरात कधीही जाता आलं पाहिजे. सगळ्या घरांचे अडसर काढून ठाण्यात जमा करावेत.

ठाणेदाराने सटवाजीला बोलावलं. म्हणाला, "तूच बसवलेस, तूच काढ. ज्याच्या मनात पाप नाही, त्याला अडसर कशाला हवा?"

सटवाजीला ते पटलं. त्याला भाऊ आठवत होता.

घरोघर जाऊन त्याने अडसर काढले. एका घरी मात्र त्याचा हात थांबला. त्याच्या शेजारी चिमाकाकू राहायची. विधवा होती. तिचा एकुलता एक मुलगा सात वर्षांपूर्वी पुरात वाहून गेला होता. ती दारात आडवी उभी राहिली.

"माझा नको काढूस, सटवा."

"काकू, तुझ्या घरात काय आहे लपवायला?"

"काही नाही रे बाबा. दुपारी कामं आटोपली की मी दार लावते नि घटकाभर रडते. ते कुणी बघावं असं वाटत नाही मला. एवढंच."

सटवाजी म्हणाला, "रडताना कोण येतंय बघायला? शिपाई काय, दरोडेखोराला शोधणार." असं म्हणून त्याने तिला हाताला धरून बाजूला केलं आणि अडसर ओढून काढला. काकूने उघडं दार नुसतंच लोटून घेतलं, असं म्हणतात.

त्यानंतर गावाचं वागणं बदललं. शिपाई जेवणाच्या वेळी येत, चुलीपर्यंत जात, उतरंडीतली मडकी हलवून बघत. बायका अंगावर पाणी घ्यायच्या तर एक जण दाराशी पाठ लावून उभी राहायची. नवरा-बायको भांडेनात. म्हातारे जुन्या राजाच्या गोष्टी सांगेनात. घराघरात माणसं हळू आवाजात बोलू लागली, आणि मग बोलेनाशीच झाली.

दोन वर्षं अशी गेली. दरोडेखोर एकही दिसला नाही. तेव्हा सटवाजी ठाण्यावर गेला आणि हात जोडून म्हणाला, "सरकार, आता भीती राहिली नाही. अडसर परत लावू का?"

ठाणेदार हसला. "दरोडेखोर दिसला नाही, म्हणजे बंदोबस्त चांगला चाललाय. चांगला चाललेला बंदोबस्त कुणी उठवतं का?"

"आणि दिसला असता तर?"

"तर वाढवला असता."

सटवाजी घरी आला. त्या दिवशी त्याने रंधा हातात घेतला नाही.

पुढच्याच महिन्यात ते घडलं. भर दुपारी दोन शिपाई चिमाकाकूच्या घरात शिरले. ती जमिनीवर बसली होती, पुढ्यात पुरुषाचं मुंडासं आणि बाराबंदी होती, आणि तिचे डोळे ओले होते. विधवेच्या घरात पुरुषाचे कपडे! शिपायांनी ते उचलले आणि तिलाही ठाण्यात नेलं. हा माणूस कोण, कुठे लपलाय, भाकरी कुठे नेऊन देतेस? तीन दिवस तिला हेच विचारलं. ती सांगत राहिली, "मुलगा आहे माझा. पुरात गेला." गावातल्या चौघांनी साक्ष दिली तेव्हा तिला सोडलं. कपडे मात्र दिले नाहीत. ते दप्तरी लागले होते.

सटवाजी तिला आणायला गेला होता. वाटेत त्याने तीनदा हाक मारली, "काकू." तिने त्याच्याकडे पाहिलं, पण ओळख दिली नाही. त्यानंतर ती रडली नाही, बोलली नाही, जेवलीही नाही. पंधराव्या दिवशी गेली.

सटवाजीने तिला खांदा दिला आणि नदीवरून सरळ रानात गेला. खैराचा एक ओंडका घेऊन आला. कुऱ्हाड ठाण्यात जमा होती, मग त्याने झाड कशाने तोडलं? झाडच त्याच्यापुढे आडवं झालं, असं म्हणतात.

आठ दिवसांत त्याने दहा अडसर केले आणि दिवसाढवळ्या खांद्यावर घेऊन गावात फिरला. "घ्या. मी काढले होते, मी परत देतो." पण एकाही घराने घेतला नाही. कुणी म्हणालं, पोरं लहान आहेत. कुणी म्हणालं, पुढच्या वर्षी बघू. त्याच्या सख्ख्या सासऱ्याने तर हात जोडले, "जावईबापू, आमच्या दारात उभे राहू नका."

तेव्हा तो चिमाकाकूच्या रिकाम्या घरात गेला. आत जाऊन त्याने दार लावलं आणि अडसर सरकवला. लाकडावर लाकूड बसल्याचा तो आवाज गावाने दोन वर्षांनी ऐकला.

ठाणेदार आला. "दार उघड."

"कोण आहे?"

"दरबारचा माणूस."

"काय काम आहे?"

"आत बघायचंय."

सटवाजी म्हणाला, "आत एक सुतार बसलाय. दरबारचं इथे काही नाही."

शिपायांनी खांदे लावले. दार हललं नाही. गावाच्याच कुऱ्हाडी आणून घाव घातले. पात्यांच्या धारा वळल्या, दारावर ओरखडासुद्धा उठला नाही. सहा दिवस ते घाव चालू होते. आत अन्न नव्हतं, पाणी नव्हतं, आणि तरी रोज दुपारी सटवाजी आतून विचारायचा, "कोण आहे? काय काम आहे?" त्याचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला, पण प्रश्न चुकला नाही, असं म्हणतात.

ते घाव गाव ऐकत होतं. सातव्या दिवशी सकाळी एका बाईने उखळाजवळचं मुसळ उचललं आणि आपल्या दाराला आतून लावलं. शेजारणीने नांगराचा दांडा लावला. कुणी बाज मोडून तिचं लाकूड लावलं. बघता बघता सगळं गाव आतून बंद झालं. वीस शिपाई आणि ठाणेदार रिकाम्या गल्लीत उभे राहिले. त्यांना पाणी द्यायलाही कुणी बाहेर आलं नाही.

मग ठाणेदाराने चिमाकाकूच्या घराचं छप्पर पेटवलं.

ते गवताचं होतं. दुपार टळायच्या आत सगळं खाली बसलं, भिंती ढासळल्या. राख निवल्यावर शिपायांनी ती उकरली. हाड सापडलं नाही, बोटातलं लोखंडी वेढंसुद्धा नाही. आणि त्या राखेत दार तेवढं उभं होतं. चौकट होती, फळ्या होत्या, मागे अडसर घातलेला होता. ना भिंत, ना छप्पर. बाजूने चार पावलं चालून गेलं की पलीकडे जाता येत होतं. पण त्या वीस जणांतला एकही गेला नाही, असं म्हणतात.

ठाणं त्यानंतरही नऊ वर्षं राहिलं. चौकी राहिली, नावं सांगणं राहिलं. शिपाई घरात शिरायचे मात्र थांबले. कुणी थांबवलं नाही, हुकूमही कुणी मागे घेतला नाही. तो अजून कुठल्या तरी बासनात बांधलेला असेल. आणि खोटं कशाला सांगू, पुढे एका उन्हाळ्यात दरोडेखोर खरोखरच आले, दोन घरं लुटली, एक माणूस मारला. गावाने त्या मेलेल्या माणसाला अग्नी दिला, त्याच्यासाठी सुतक पाळलं. तरी दाराची मुसळं काढा असं कुणी म्हणालं नाही. सटवाजीची बायको पुढे बरीच वर्षं जगली. तिला कुणी विधवा म्हटलं नाही, आणि तिने कुंकू लावलं का नाही, हेही कुणी विचारलं नाही.

आजही चिंचघोळात कुणी कुणाच्या दाराला हात लावत नाही. दार उघडं असलं तरी बाहेर उभं राहायचं आणि विचारायचं, "सटवाजी आहे का घरात?" आतून "आहे, या" असं आलं की मगच उंबरा ओलांडायचा. सोयरा असो, सावकार असो, वीजबिलवाला असो. मागे एक नवा फौजदार आला होता. त्याने गल्लीतलं एक दार ढकललं, तर आतली म्हातारी म्हणाली, "आधी नाव घ्या, साहेब." फौजदाराला नाव माहीत नव्हतं. तो उन्हात उभा राहिला. शेवटी समोरच्या ओट्यावरच्या माणसाने त्याला नाव सांगितलं, आणि त्याने टोपी काढून ते घेतलं. म्हातारीने हातातली भाकरी संपवली, हात धुतला आणि मग दार उघडलं.

कधीकधी आतून उत्तर येतच नाही. मग आलेला माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही. तो परत फिरतो.