हशाची सोबत

विद्याधर नाबर बारा वर्षं एकच विनोदी मालिका लिहीत होते. वाहिनीचे नवे प्रमुख तळवलकरसाहेब ती बंद करायला निघाले होते.

"नाबर, तुमच्या विनोदाला कोणी हसत नाही, म्हणून तुम्ही रेकॉर्ड केलेला हशा घालता. भाड्याचा हशा!" साहेब भर बैठकीत म्हणाले. सगळे कर्मचारी खो-खो हसले.

हशा थांबल्यावर नाबर उठले. मग म्हणाले, "साहेब, तुमच्या विनोदाला हसायला ही माणसं पगारावर आहेत. माझा प्रेक्षक घरी एकटा जेवत असतो. त्याला हसायला सोबत नको?"

आता कोणीच हसेना. साहेब ओशाळले.

"चालू राहू दे मालिका," ते म्हणाले. "पण प्रेक्षक एकटा जेवतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बायको गेल्यापासून मीच तसा जेवतोय."